पहिल्या प्रकरणातील अपमान आणि त्याचा वाचक

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांविषयी आपल्याकडे गंभीरपणे लिहिले जात नाही. प्रस्थापित समीक्षेला तो विषय हलका वाटतो आणि आपल्या चळवळीतील समीक्षेला तो परका वाटतो. रंजनपर वाङ्मय म्हणजे शोषिताला दिलेली अफू, एवढे वाक्य टाकले की आपले काम संपले असे आपण मानतो. हे वाक्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण अफू घेणाऱ्याला नेमके कुठे दुखते आहे, हे त्या वाक्यातून कळत नाही. ते कळून घ्यायचे असेल तर या कादंबऱ्यांची पहिली तीन-चार प्रकरणे आणि त्यांवर तुटून पडणारा वाचक यांच्याकडे पाहिले पाहिजे. चीन, जपान आणि कोरिया या देशांत गेल्या वीस-बावीस वर्षांत हे वाङ्मय मोबाईलच्या पडद्यावर वाढले. त्याचे वाचक कोट्यवधी आहेत. त्यांत विद्यार्थी आहेत, कारखान्यांच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारे कामगार आहेत, कंत्राटावर राबणारे कारकून आहेत. आपल्या वसतिगृहांतल्या मुलांच्या हातातही ते आता पोचले आहे.

हप्त्याहप्त्याने लिहिणे आणि वाचकाच्या कौलावर पुढचा हप्ता बेतणे, यात नवे काही नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मधूनच वाचकांपुढे आली. नवा आहे तो व्यवहार. चीनमधील ‘छीत्येन’ या प्रकाशन-व्यवस्थेने २००३ मध्ये प्रकरणागणिक पैसे घ्यायला सुरुवात केली. आरंभीची प्रकरणे फुकट, पुढे दर हजार अक्षरांना काही फन. शंभर फन म्हणजे एक युआन, यावरून हा चिल्लर खुर्दा लक्षात यावा. लेखकाला रोज दोन-तीन हजार अक्षरे पाडावी लागतात, आणि फुकटची प्रकरणे संपण्याआधी वाचक अडकला नाही तर लेखक उपाशी राहतो. म्हणून तिकडच्या लेखकांत ‘सोन्याची तीन प्रकरणे’ असा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे. वाचकाचीही स्वतःची परिभाषा आहे. मन मोकळे करणारे जे सुख, त्याला तो ‘श्वांग’ म्हणतो. जिथे पुस्तक टाकून द्यावेसे वाटते त्या जागेला तो ‘विष’ म्हणतो. खलपात्राचा पाणउतारा झाला की ‘थोबाडीत बसली’ म्हणतो. आमच्या सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत आस्वादाची इतकी रोखठोक भाषा मला आढळली नाही.

अशा आरंभांपैकी सर्वांत गाजलेला आरंभ २००९ सालचा आहे. ‘दोउ पो त्सांगछ्युंग’ ही कादंबरी लिहिणाऱ्याने स्वतःचे टोपणनाव ‘स्वर्गीय रेशीमकिड्याचा बटाटा’ असे घेतले आहे. (दुसऱ्या एका नामांकित लेखकाचे नाव आहे ‘मी टोमॅटो खातो’. वाङ्मयीन प्रतिष्ठेची भूक नसलेली ही नावे मला आवडली.) पहिल्याच पानावर एक दगडी खांब आहे. कुळातील मुलांनी एकामागून एक पुढे यायचे, खांबाला हात लावायचा, आणि त्यांच्या अंगात किती शक्ती आहे ते खांबावर अक्षरांत उमटायचे. शेजारी उभा असलेला एक मध्यमवयीन माणूस ते निर्विकारपणे मोठ्याने वाचून दाखवतो. श्याव येन या पंधरा वर्षांच्या मुलाची पाळी येते. तिसरी पायरी. जमाव हसतो. कारण हाच मुलगा चार वर्षांपूर्वी कुळाचा अभिमान होता, आणि मग त्याची शक्ती कोणास ठाऊक कशी, झिरपून गेली. पुढच्या प्रकरणांत त्याची वाग्दत्त वधू नालान येनरान आपल्या पंथाच्या माणसांना घेऊन येते आणि ठरलेले लग्न मोडायला सांगते. तो तीन वर्षांनी तिला आव्हान देण्याची प्रतिज्ञा करतो.

या तीन-चार प्रकरणांनी वाचकाला असे काही झपाटले की त्यावरून उपप्रकारच जन्माला आले. ‘फेईछाय’, म्हणजे टाकाऊ जळण, ठरलेल्या नायकाच्या कादंबऱ्या. आणि ‘मोडलेल्या सोयरिकी’च्या कादंबऱ्या. हजारो लेखकांनी तोच खांब पुन्हा पुन्हा रोवला. वाचक कंटाळल्याचे सांगत राहिला आणि वाचत राहिला. त्या खांबात त्याने काय ओळखले असेल, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. ज्या समाजात एका परीक्षेच्या गुणांवर आयुष्य ठरते, गुणवारी भिंतीवर लागते, आणि गावाचा शिक्का बसलेला कामगार शहरात राबला तरी त्याच्या मुलाला तिथल्या शाळेत सहज जागा मिळत नाही, त्या समाजातल्या तरुणाला तो खांब अद्भुत वाटतच नसावा. आणि आपल्या वाचकाला तरी तो कुठे अद्भुत वाटेल? वर्गात उभे करून शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचणारा आवाज आपल्यापैकी कितीकांच्या कानात अजून आहे. दगडावर अक्षरे उमटतात ती निसर्गाची. ती वाचणारा माणूस मात्र पगारी असतो.

येथवर हा वाचक आपला आहे. प्रश्न यानंतर सुरू होतो.

श्याव येनची शक्ती का गेली, याचा उलगडा लवकरच होतो. आईची आठवण म्हणून तो जी अंगठी बाळगतो, तिच्यात एका महान गुरूचा आत्मा दडलेला आहे, आणि तीन वर्षे तोच त्याची शक्ती शोषून घेत होता. म्हणजे मुलगा मुळात हीन नव्हताच. मोजमाप चुकले होते. पुढे तर असेही उघड होते की त्याचे हे आडगावचे कुळ एके काळी सम्राटांच्या रक्ताचे होते. वाचक या क्षणी सुटकेचा श्वास टाकतो. त्याचा संताप खांबावर कधीच नव्हता. एका उच्चाला नीच ठरवले गेले, एवढ्यावर होता. खांब फोडा, असे तो म्हणत नाही; याला पुन्हा मोजा, असे म्हणतो. आणि त्या दिवशी त्या रांगेत जी मुले खरोखरच तिसऱ्या पायरीची होती, ज्यांच्या अंगठीत कोणीही गुरू नव्हता, त्यांचे काय झाले, हे हजारभर प्रकरणांत ना लेखकाला सांगावेसे वाटते ना वाचकाला विचारावेसे वाटते.

ही वाचकवृत्ती चिनी आहे असे समजून कोणी निर्धास्त होऊ नये. मराठी मध्यमवर्गाने कर्णासाठी किती अश्रू ढाळले ते आठवावे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. सूतपुत्र म्हणून त्याला हिणवले जाते तेव्हा वाचकाचा कंठ दाटतो. पण का दाटतो? कारण तो सूतपुत्र नाही हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते. तो सूर्याचा आणि कुंतीचा आहे. अधिरथ आणि राधेला पुढे पोटची मुलेही झाली. ती खरोखरीची सूतपुत्र होती. त्यांना रंगभूमीवर कोणी जात विचारली असती तर कोणाचा कंठ दाटला असता? सावंतांनी शोणाला बोलायला लावले हे खरे, पण तो बोलतो तो थोरल्या भावाविषयी. एकलव्याची तऱ्हा याहून बोलकी आहे. महाभारतात तो निषादराजाचा मुलगा आहे, अंगठा गेल्यावरही निषादच राहतो. हरिवंशाला तेवढेही सोसवले नाही; त्याने एकलव्याला वसुदेवाच्या भावाचा टाकलेला मुलगा करून यादवांत घेतले. श्याव येनच्या कुळाला सम्राटाचे रक्त सापडते त्यात मग आश्चर्य कसले.

सोयरीक मोडण्याच्या प्रसंगावर मला थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण वाचकाच्या प्रतिक्रियेची खरी परीक्षा तिथे आहे. हे लग्न ठरवले कोणी? दोघांच्या आजोबांनी, मुलांना विचारण्याचा प्रश्नच नसताना. नालान येनरानला ते नको आहे. ती गर्विष्ठ आहे, तिची रीत उद्धट आहे, पंथाचे बळ मागे घेऊन ती एका पडलेल्या घराच्या दारात येते, हे सर्व मान्य. पण तिची मागणी एवढीच की माझे लग्न माझ्या आजोबांनी ठरवू नये. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांच्या वारसांनी या मागणीला काय म्हणावे? आणि नायक काय करतो? तू मला सोडतेस काय, मीच तुला टाकतो, असे म्हणून तो रक्ताचा पंजा उठवून सोडचिठ्ठी लिहून देतो. वाचकाच्या दृष्टीने आरंभीच्या भागातील सर्वांत मोठा ‘श्वांग’ हाच. ज्याला खांबाने हीन ठरवले त्याच्या हाती आणखी एक जुना खांब दिला जातो, पुरुषाचा, आणि त्यावर तो एका मुलीला मोजतो. तिचे काही चुकले नव्हते असे म्हणणारे वाचक तिकडेही निघाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण कादंबऱ्यांचा जो उपप्रकार निघाला तो त्यांच्या मतावर निघाला नाही. अपमानितांच्या वाङ्मयाला हा धोका नेहमीच असतो, आणि आपल्या कवितेलाही तो चुकलेला नाही. प्रस्थापितांवर उगारलेला हात त्यांच्या बायकांवर पडल्याची उदाहरणे शोधायला आपल्याला चीनमध्ये जावे लागणार नाही.

कोरियात हाच आरंभ अधिक आधुनिक पोशाखात येतो. छुगोंग या लेखकाची ‘सोलो लेव्हलिंग’ २०१६ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्ये तिची चित्रमालिका आली आणि ती हिंदी आवाजातही निघाली, त्यामुळे आपल्याकडील तरुणांना ती ठाऊक आहे. राक्षसांशी लढणाऱ्या शिकाऱ्यांना त्यात श्रेण्या असतात. शक्ती जागी होते त्या दिवशी जी श्रेणी मिळाली ती मरेपर्यंत बदलत नाही. नायक सर्वांत खालच्या श्रेणीचा, त्यातही सर्वांत दुबळा. आई इस्पितळात, बहीण शिकते आहे, म्हणून जखमा अंगावर घेत कामाला जातो. हे पहिले प्रकरण चांगले आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. घर चालवण्यासाठी धोक्याच्या कामावर जाणारा आणि सोबत्यांच्या थट्टेचा विषय झालेला मजूर त्यात दिसतो. २०१५ च्या सुमारास कोरियात ‘सोन्याचा चमचा’ आणि ‘मातीचा चमचा’ हे शब्द तरुणांच्या तोंडी खेळू लागले होते. कोण कुठल्या घरात जन्मला यावर त्याचे आयुष्य ठरते, असा त्यांचा अर्थ. त्या पिढीने ही कादंबरी उचलली. पण श्रेणीव्यवस्थेतून नायकाची सुटका कशी होते? एक गूढ यंत्रणा साऱ्या जगातून एकट्यालाच निवडते आणि वाढण्याची मुभा देते. वाचकाच्या आनंदाचे मर्म त्या ‘एकट्यालाच’मध्ये आहे. श्रेण्या तशाच राहतात. राखीव जागा एकच, आणि ती आपल्याला मिळालेली, असे हे स्वप्न आहे.

जपानमधील एका आरंभाने वाचकांत फूट पाडली. आनेको युसागी यांची ‘ताते नो यूशा नो नारिआगारी’, म्हणजे ढालवीराचा उत्कर्ष, २०१२ मध्ये सुरू झाली. परक्या जगात बोलावून घेतलेल्या नायकावर पहिल्या काही प्रकरणांतच बलात्काराचा खोटा आळ घेतला जातो. राजा, प्रजा, सोबती, सगळे त्याच्यावर थुंकतात. मग तो बाजारात जाऊन एक गुलाम विकत घेतो. ती एक आजारी, भेदरलेली लहान मुलगी आहे, अर्धमानव जमातीची. तिच्या अंगावर गुलामीची मुद्रा उठवली जाते. काही वाचकांनी पुस्तक इथेच टाकले. पुष्कळांनी टाकले नाही, आणि त्यांनी जी कारणे दिली ती मला जास्त महत्त्वाची वाटतात. तो तिला खाऊ घालतो. औषध देतो. शस्त्र चालवायला शिकवतो. इतर मालकांसारखा नाही. त्या जगाची रीतच तशी आहे. आणि पुढे मुद्रा पुसली गेल्यावर ती स्वतःच होऊन ती पुन्हा उठवून घेते, मग तक्रार कोणाची?

ही कारणे आपण कुठे ऐकली आहेत? धनी चांगला होता, पोराबाळांना भाकर द्यायचा. त्या काळी तसेच होते. त्यांचे त्यांनाच त्यात काही वाटत नव्हते. वतनाच्या प्रत्येक समर्थनात हीच तीन वाक्ये असतात. या कादंबरीत नायकाचा अपमान हा अन्याय आहे, आणि तो वाचकाला पानोपानी जाळतो. मुलीचा अपमान हा नायकाच्या जखमेवरचा लेप आहे. दुःखाचे प्रकरण पहिले कोणाचे लिहायचे, यातच लेखकाने कौल दिलेला असतो. तेच कथानक त्या मुलीच्या पिंजऱ्यापासून सुरू केले असते तर ढालवीर हा फक्त एक गिऱ्हाईक ठरला असता.

जपानचीच, त्याच वर्षी सुरू झालेली ‘मुशोकु तेन्सेइ’ पुनर्जन्माची आहे. चौतिशीचा एक बेकार माणूस ट्रकखाली मरतो आणि दुसऱ्या जगात, सगळ्या आठवणींसह, तान्हे मूल म्हणून जन्मतो. पुनर्जन्म म्हटले की आपण सावध होतो, आणि झालेच पाहिजे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आणि गतजन्मीच्या कर्मावर या जन्मीचे दारिद्र्य लादणारा सिद्धांत बुद्धाच्या नावावर खपवण्याला कडाडून हरकत घेतली. त्या कसोटीला ही कादंबरी लावली तर एक विचित्र गोष्ट दिसते. इथे नवा जन्म पुण्याईने मिळत नाही, ट्रकने मिळतो. कर्मविपाक गायब आहे. वाचकालाही त्यात कुठल्या न्यायाची अपेक्षा नाही. त्याला फक्त आयुष्याची पाटी कोरी करून हवी आहे. या भाबड्या इच्छेत कर्मसिद्धांताचा नकळत पाडाव झाला आहे. तेवढे श्रेय मी तिला देतो. अर्थात नायक चौतीस वर्षांचे ज्ञान शिदोरीला घेऊन पाळण्यात पडतो, आणि तो पाळणाही उमराव रक्ताच्या सरदाराच्या घरी असतो, हे विसरता येत नाही.

आता वेगळी वाट चोखाळणाऱ्या एका कादंबरीविषयी. वांग यू यांची ‘फानरेन श्योउश्येन च्वान’, म्हणजे एका सामान्य माणसाची अमरत्वाकडे वाटचाल, २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. हान ली हा दरिद्री खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. गावात त्याला बावळट म्हणतात. काका त्याला एका पंथाच्या परीक्षेला नेतो, ते घरचे एक खाणारे तोंड कमी व्हावे आणि जमले तर चार पैसे यावेत म्हणून. इथेही जन्मजात शक्तीचे मोजमाप आहे. तीत तो कनिष्ठ ठरतो. पण हे मोजमाप चुकलेले नाही! तो खरोखरच कनिष्ठ आहे आणि पुढेही त्याच्या रक्तात कुठला सम्राट निघत नाही. त्याला एक छोटी कुपी सापडते, जिच्यामुळे औषधी वनस्पती झपाट्याने पिकतात; बाकीचे काम सावधपणाचे. तो प्रतिज्ञा करीत नाही. बलवान दिसला की पळतो, माल लपवतो, नाव बदलतो, तोंड मिटून राहतो.

या आरंभात ‘थोबाडीत’ बसत नाही आणि प्रकरणे संथ चालतात. झटपट सुखाला चटावलेला वाचक येथे जांभई देतो. पण जे टिकले त्यांनी या पुस्तकाचाही एक स्वतंत्र प्रवाह करून टाकला. ते नायकाच्या पराक्रमापेक्षा त्याच्या खबरदारीचे कौतुक करतात. अमुक ठिकाणी तो पळाला ते बरे केले, असे म्हणतात. पळणाऱ्या नायकावर खूश होणारा वाचक मला मोलाचा वाटतो. आपल्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर जे शहाणपण कमावले ते याच जातीचे होते. त्याला शौर्यगाथांत जागा मिळाली नाही एवढेच. माझी तक्रार आहे ती वेगळी. हान ली वर चढतो तसा एकटा होत जातो. गाव मागे पडते, माणसे मरत जातात, आणि अमरत्व म्हणजे अखेर एक न संपणारे स्थलांतर ठरते. हे दुःख लेखकाला अधूनमधून जाणवते. वाचकाला पुढची पायरी हवी असते, म्हणून लेखक तिथे थांबत नाही.

आपल्या आत्मकथनांच्या वाचकाला या रांगेत उभे करून पाहावे. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये, ‘उपरा’ १९८० मध्ये. त्यांच्या आरंभीही अपमान आहे. पांढरपेशा वाचक हादरला, भाषेवर अडखळला; आपल्यांतलेच काही म्हणाले की उकिरडा कशाला उकरता. पण त्या अपमानाची तिसऱ्या प्रकरणात भरपाई होत नाही. अंगठीतून कोणी गुरू निघत नाही, मोजमाप चुकले होते असे कोणी येऊन सांगत नाही. तेव्हा वाचकाने आपली सुटका स्वतःच शोधून काढली: अखेर लेखक शिकला ना, नोकरीला लागला ना, पुस्तक छापले ना, मग व्यवस्थेत वाट आहे! मुखपृष्ठावरचे लेखकाचे नाव हेच त्याने शेवटचे प्रकरण मानले. या वाचकाला आणि श्याव येनच्या वाचकाला मी एकमेकांचे सोयरे समजतो. फरक इतकाच की कारखान्यातल्या त्या पोराची गरज खरी आहे, आणि याची सोयीची.

२०१८ मध्ये कोरियात सुरू झालेल्या ‘चोनजीजोक तोक्चा सिजोम’ या कादंबरीने तर वाचकालाच नायक केले. तिच्यातला नायक कंत्राटी नोकर आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘वाचक’ असाही होतो आणि ‘एकुलता’ असाही. तो वर्षानुवर्षे एक अद्भुत कादंबरी वाचत आला आहे. आरंभी तिला हजारभर वाचक असतात, मग ओसरत ओसरत हा एकटा उरतो. ३१४९ प्रकरणे तो नेटाने संपवतो. आणि मग एके दिवशी मेट्रोच्या डब्यात ती कादंबरी खरी होऊ लागते. डब्यातल्या माणसांना जगायचे कसे ते ठाऊक नाही. याला ठाऊक आहे. वाचकांनी या आरंभाला जो प्रतिसाद दिला तो मी समजू शकतो: ज्याच्या वाचनाला सर्वांनी टाकाऊ ठरवले त्याचे वाचन कामी आले. पण डब्यातला तो पहिला प्रसंग मी दोनदा वाचला. सर्वांना वाचवील असे जे ज्ञान त्याच्यापाशी आहे, ते तो तिथे मोकळेपणाने सांगत नाही. कोणाला, केव्हा, किती सांगायचे ते हिशेबाने ठरवतो. ग्रंथ एकाला पाठ आहे आणि डबा भरून माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत आहेत.